आधी साल, मग वजन

ताईच्या वाट्याला मी जवळपास निम्मीच चांदी दिली. हे कळलं तेव्हा वाटणी होऊन बरेच महिने उलटले होते.

आईच्या पश्चात तिचे चांदीचे रुपये निघाले, साठेक असतील. लक्ष्मीपूजनाच्या ताम्हणात मांडायचे, पुसायचे आणि परत ठेवायचे, एवढाच आमचा त्यांच्याशी संबंध. तिने तीन पुरचुंड्या बांधून ठेवल्या होत्या. घरातले हिशेब मीच बघतो, म्हणून आमच्या घरी भावंडं जमली तेव्हा वाटणीही माझ्याकडे आली. वीस-वीस नाणी मोजून मी तिघांच्या हातात एकेक पुरचुंडी दिली. नगाला नग बरोबर होता, त्यामुळे कोणाच्याही मनात शंका आली नाही.

ताईच्या पुरचुंडीतले सगळे रुपये १९४० ते १९४५ या सालांचे होते. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा ब्रिटिश अमलातला रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धात लोक रुपये दडवून ठेवू लागले, चांदी अपुरी पडली आणि १९४० पासून सरकारने रुपयातल्या चांदीचं प्रमाण निम्म्यावर आणलं. वजन तेवढंच, राजा तोच, पण शुद्ध चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. वीस नाण्यांमागे जवळपास ९७ ग्रॅमचा फरक पडतो. ग्रॅमला शंभर रुपये भाव धरला तरी ताईचं साडेनऊ हजारांवर नुकसान झालं होतं. मी तिला हे सांगितलं आणि फरकाचे पैसे दिले. ती म्हणाली, “अरे, राहू दे.” पण आईच्या ठेवीची वाटणी मी न वाचता केली, हे मला आजही लागतं.

दुसरी चूक माझ्या स्वतःच्या वाट्याची. घराच्या दुरुस्तीला पैसे हवे होते, म्हणून माझे वीसही रुपये मी मोडीत दिले. सराफाने फसवलं नाही. त्याने टंच काढला, वजन केलं, त्या दिवसाच्या भावाने पैसे दिले. चांदीचा व्यवहार त्याने चोख केला. त्यातल्या एखाद्या नाण्याला चांदीपलीकडे काही मोल असेल, हा विचार मात्र मला शिवलाही नव्हता.

नंतर दिवाळीतल्या ताम्हणाचा एक जुना फोटो मोबाइलवर मोठा करून बघताना माझ्या वाट्याच्या एका रुपयावर १९११ हे साल स्पष्ट दिसलं. पंचम जॉर्जच्या त्या पहिल्या रुपयावर राजाच्या झग्यावर कोरलेला हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला. धार्मिक भावना दुखावल्या आणि सरकारने नाणं मागे घेतलं. पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी जेमतेम सात लाख लोकांच्या हाती गेले होते, उरलेले वितळवले गेले. म्हणून संग्राहक त्याला चांदीच्या भावाहून बरंच जास्त मोल देतात. चांदी मात्र त्यातही तीच, १०.६९ ग्रॅम. मी एवढीच विकली.

चांदीचे रुपये मुशीत जाणं नवं नाही. चांदी महागली की नाणं वितळतंच. १९१८ मध्ये हिंदुस्थानात रुपयांसाठी चांदी कमी पडली, तेव्हा अमेरिकेने आपले सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी इकडे आली. पण असं प्रत्येक वितळणं उरलेल्या नाण्यांना दुर्मीळ करतं. माझा तो रुपया उरलेल्यांमध्ये राहिला असता.

तिसरी चूक धाकट्या भावाच्या वाट्यावर झाली. त्याच्याकडे राणीछाप रुपये होते. माझ्यासारखं त्याचं होऊ नये म्हणून जाणकाराला दाखवण्याआधी मी ते चिंच आणि राखेने घासून लख्ख केले. जाणकाराने एकेक रुपया उजेडात तिरका धरला आणि मान हलवली. शंभर-सव्वाशे वर्षांत चांदीवर जो काळसर रंग चढतो, तो नाण्याच्या अस्सलपणाची आणि न हाताळलेपणाची खूण असते. घासताना तो गेला आणि पृष्ठभागावर चरे उमटले. त्यात काही रुपये १८६२ सालचे होते. हे साल पुढेही बरीच वर्षं नाण्यावर तसंच ठेवलं गेलं, आणि मुंबई टांकसाळीच्या रुपयांचा खरा काळ अभ्यासक त्यांवरच्या बारीक ठिपक्यांवरून ठरवतात. तेच ठिपके मी स्वच्छतेच्या नादात पुसट केले. एका रुपयाला दागिन्यासाठी कडी डाखलेली होती, त्याला तर पूर्वीच फक्त चांदीचा भाव उरला होता.

आता कोणी विचारलं, तर मी एवढंच सांगतो. आधी साल वाचा. चष्मा लावा, भिंग घ्या. १९३९ पर्यंतचे, १९४० ते ४५ चे आणि त्यानंतरचे असे ढीग वेगळे करा. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, त्यात चांदी नाही. १९३९ सालचा रुपया अतिशय दुर्मीळ, तो दिसला तर अस्सल आहे का हे आधी तपासून घ्या, कारण त्याच्या नकलाही फिरतात. तळाच्या कमळाखाली ठिपका आहे का बघा, पंचम जॉर्जच्या रुपयावर तो मुंबई टांकसाळीची खूण आहे. दोन्ही बाजूंचे फोटो काढून वहीत नोंद करा आणि नाण्याला पाणीसुद्धा लावू नका.

आणि उलट टोकालाही जाऊ नका. जुनं म्हणजे लाखाचं, हा समज तितकाच महाग पडतो. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. बहुतेक घरांतले बहुतेक रुपये साधेच असतात, आणि त्यांना चांदीचा भाव हाच योग्य भाव असतो. पण ते साधे आहेत हे तपासून मग ठरवायचं. सराफाकडून चांदीचा आकडा घ्या, नाण्यांच्या जाणकाराकडून नाण्याचा घ्या आणि वाटणी असेल तर दोन्ही आकडे भावंडांसमोर ठेवा. मग विका, ठेवा किंवा लेकीसुनांना द्या. ठरवायच्या वेळी प्रत्येकाला आपल्या हातात काय आहे ते माहीत असलं पाहिजे. माझ्या ताईला ते माहीत नव्हतं, आणि ते सांगणं माझं काम होतं.