चुन्याच्या दोन रेघा

बॉयलरच्या परीक्षेचा अभ्यास मी ज्या वहीतून केला, ती वही माझी नव्हती. कारखान्यातल्या पाच-सहा जणांच्या हातून फिरत ती माझ्याकडं आली होती. दोनशे पानी, पुठ्ठा गेलेली, कडांना तेलाचे डाग आणि मधल्या पानांत कुठं कुठं बगॅसचा भुसा अडकलेला. पहिल्याच पानावर प्रश्न होता, 'बॉयलर म्हणजे काय?' त्याखाली उत्तर, '२२.७५ लीटरपेक्षा जास्त मापाचं बंद भांडं, ज्यात दाबाखाली वाफ तयार करतात.' हे पावणेतेवीस लीटरच का, हे काही मला कळेना. मी ते देवाच्या श्लोकासारखं पाठ केलं. पुढं समजलं, की १९२३ साली इंग्रजांच्या राज्यात कायदा झाला तेव्हा माप पाच गॅलनचं होतं. त्याचे लीटर केले आणि आकडा असा तुटका आला.

तेव्हा मी साखर कारखान्यात हंगामी फायरमन होतो. दसरा-दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटायचा आणि ऊस संपला की विझायचा. विझला की आम्ही घरी. मग थोडाफार रिटेन्शन अलाउन्स मिळायचा, तेवढ्यावर पावसाळा काढायचा. सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट मिळालं तर कायम होण्याची आशा होती. घरात आम्ही सात माणसं आणि जमीन पाऊण एकर, तीही कोरडवाहू.

जाळाशी आमच्या घराचं नातं जुनं. आबा गुऱ्हाळात चुलवाणाला जाळ घालायचे. रात्र रात्र चिपाडं सारत बसायचे. त्यांच्या भुवया कायम करपलेल्या असायच्या. मी परीक्षेला बसतोय म्हटल्यावर ते म्हणाले, "जाळ घालायचीबी परीक्षा असतीया व्हय? आमाला तर कुणी इचारलं न्हाई." आई म्हणाली, "तुमच्या काहिलीला झाकण नव्हतं म्हणून न्हाई इचारलं." आईला बॉयलरमधलं काही ठाऊक नव्हतं. पण सगळा कायदा तिनं एका वाक्यात सांगितला, असं मला आजही वाटतं. उघड्या काहिलीत पाणी शंभर अंशांला उकळतं आणि वाफ वर निघून जाते. बंद भांड्यात दहा किलो दाबाला ते १८० अंशांच्या पुढं जातं तरी पाणीच राहतं, आणि वाट मिळाली की क्षणात त्याची वाफ होते. एक लीटर पाण्याची मोकळ्या हवेत सोळाशे लीटरच्या वर वाफ होते. ती एकदम सुटली तर मग इमारत राहत नाही आणि माणूसही राहत नाही.

वहीतल्या चित्रांत लँकेशायर बॉयलर होता. आडवं मोठं पिंप, आत जाळाच्या दोन नळ्या आणि बाहेर पाणी. आमचा होता वॉटर ट्यूब, म्हणजे नळीत पाणी आणि बाहेर जाळ, नेमकं उलट. वहीत जे डावीकडं तर आमच्याकडं ते वरच्या डेकवर. फ्युझिबल प्लग नावाची वस्तू मी दोन पानं पाठ केली, पण ती आमच्या बॉयलरला नव्हतीच. पाणी कमी झालं की तिच्यातला मऊ धातू वितळतो आणि वाफ-पाणी जाळावर पडतं, एवढं मला म्हणता येत होतं. डोळ्यांसमोर मात्र काही येत नव्हतं.

ते डोळ्यांसमोर आणलं तात्यांनी.

तात्या बॉयलरवर बावीस हंगाम काढलेला माणूस. ठेंगणे, काळे, खाकी अर्धी चड्डी आणि डोक्याला मळका पटका. त्यांना अक्षर येत नव्हतं. पगाराच्या दिवशी अंगठा उठवायचे आणि तो चड्डीला पुसायचे. मी रात्रपाळीत वही वाचून दाखवायचो आणि ते तंबाखू मळत ऐकायचे. 'माउंटिंग आणि ॲक्सेसरी यातला फरक सांगा' हा प्रश्न मी चार वेळा वाचला. सेफ्टी व्हॉल्व्ह, पाण्याची काच, प्रेशर गेज, स्टॉप व्हॉल्व्ह ही माउंटिंग. इकॉनॉमायझर, सुपरहीटर, एअर हीटर या ॲक्सेसरी. नावं पाठ झाली, फरक काही डोक्यात शिरेना. तात्या म्हणाले, "लेका, गाडीच्या चाकाला खीळ नसली तर गाडी रस्त्यावर आणायची न्हाई. चाक निसटून माणूस मरतंय. वंगण नसलं तर गाडी चालती, पर बैलाचा जीव जातुया. खीळ म्हंजे तुझं ते मौंटींग. वंगण म्हंजे दुसरं." त्यानंतर मी तो फरक कधी विसरलो नाही.

त्यांचा हिशोब पौंडात असायचा. आमचा जुना बॉयलर १५० पौंडांचा, वहीत मात्र सगळं किलोत. मी म्हणायचो, साडेदहा किलो. ते म्हणायचे, "किलोनं वांगी घ्यावी."

पाळी सुरू झाली की तात्यांचं पहिलं काम ठरलेलं. पाण्याच्या काचेमागच्या पट्टीवर काळ्या तिरप्या रेघा असायला पाहिजेत, पण आमच्या पट्टीवरच्या रेघा काजळीनं कधीच गेल्या होत्या. तात्या चुन्याची डबी काढायचे आणि बोटानं त्या पट्टीवर दोन तिरक्या रेघा ओढायचे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी देवाचं असेल. मी विचारलं तर म्हणाले, "काच पुरी भरली तरी मोकळी दिसती, आन् पुरी रिकामी झाली तरी मोकळीच दिसती. पाणी आसंल तर मागची रेघ उलटी दिसती. नसंल तर हाय तशीच दिसती. एवढंच हाय बघ." वहीत हे कुठंच नव्हतं. वहीत होतं काच ब्लो करायचं. पाण्याचा कॉक बंद करून खालचा ड्रेन उघडायचा, वाफ जोरात आली म्हणजे वरची वाट मोकळी. मग वाफेचा बंद करून पाण्याचा उघडायचा, पाणी आलं म्हणजे खालची वाट मोकळी. शेवटी ड्रेन बंद करून दोन्ही उघडे ठेवायचे, पाणी झटकन वर चढलं पाहिजे. रेंगाळत चढलं तर कुठंतरी गाळ धरलाय. तात्या हे सगळं न मोजता, गप्पा मारत करायचे.

१९८४ च्या हंगामात, जानेवारीतली एक रात्र. बारा ते आठची पाळी. गारठा असा, की पाठ गोठायची आणि तोंड भाजायचं. पहाटे तीनच्या सुमाराला मी फळीवर बसून वही वाचत होतो. खरं सांगायचं तर वाचत नव्हतो, पेंगत होतो. फीड पंपाचा आवाज बदलला होता, तो मला ऐकूच आला नाही. डोळे उघडले तेव्हा काच मोकळी होती आणि मागं चुन्याच्या रेघा हाय तशा, सरळ दिसत होत्या.

मी धावलो तो थेट फीडच्या व्हॉल्व्हकडं. पाणी नाही, तर पाणी घाला. कुणाच्याही मनात तेच येणार. माझा हात चाकावर पडायच्या आत तात्यांनी मनगट धरलं. एवढ्या जोरानं, की दुसऱ्या दिवशीही ते दुखत होतं. "पाणी न्हाई घालायचं. आदी जाळ." त्यांनी बगॅस बंद करायला लावलं, पंखे बंद करायला लावले. मग काच ब्लो करून बघितली. खालच्या वाटेनंसुद्धा नुसती वाफ आली, म्हणजे पाणी काचेच्या खाली गेलेलं. तापून लाल झालेल्या नळीवर गार पाणी पडलं असतं तर काय झालं असतं, ते माझ्या वहीच्या एकतिसाव्या पानावर माझ्या आधीच्या कुणीतरी लाल शाईनं अधोरेखित केलं होतं. ते मला तोंडपाठ होतं. तरी मी पाण्याकडंच धावलो होतो.

मिल थांबली. अर्ध्या तासात साहेब लोक आले, आरडाओरडा झाला. गाडीतळावर ऊस वाळत होता, बैलं पेंड मागत होती. बॉयलर हळूहळू गार केला, सकाळी नळ्या तपासल्या, एकही फुगली नव्हती. दुपारनंतर परत जाळ घातला. लॉगबुकात जे लिहिलं गेलं ते मी वाचलं. 'अटेंडंटने प्रसंगावधान राखून फायर बंद केली.' खाली सही होती त्या पाळीच्या सर्टिफिकेटवाल्याची. तो त्या वेळी कुठं होता हे सगळ्यांना माहीत होतं. तो माणूस वाईट नव्हता. घरी म्हातारी आजारी होती, त्याच्या डोळ्याला डोळा नव्हता.

मी तात्यांना विचारलं, "तुम्ही का नाही बसला परीक्षेला? तोंडी तर असते. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त येतंय." ते हसले. परीक्षेच्या अर्जाला कारखान्याचा सर्व्हिसचा दाखला लागायचा, फायरमन म्हणून इतकी वर्षं काम केल्याचा. तात्या कागदावर खलाशी होते. बावीस वर्षं खलाशीच. एकदा ते ऑफिसात दाखला मागायला गेले होते. तिथल्या साहेबानं समजावून सांगितलं, की तुम्ही बॉयलर चालवता असं आम्ही लिहून दिलं, तर सर्टिफिकेट नसलेला माणूस बॉयलर चालवतो असं आम्हीच लिहून दिल्यासारखं होईल. "साहेबाचंबी खरंच की," तात्या म्हणाले. मी मात्र दहावी पास होतो, दुसऱ्या खेपेला का होईना. माझ्या नावापुढं पहिल्या दिवसापासून 'फायरमन' लागलं होतं. मला झाडू आणि खोरं यांतला फरक कळत नव्हता तेव्हापासून.

पुढच्या पावसाळ्यात ऑफ सीझनची कामं चालली होती. मी ड्रममध्ये उतरून नळ्यांतली खपली काढायचो आणि बाहेर आलो की वही घ्यायचो. आबा संध्याकाळी कंदिलाजवळ बसून माझी परीक्षा घ्यायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. मी म्हणेन त्याला ते "बराबर" म्हणायचे. एकदा मी मुद्दाम चुकीचं सांगितलं, काच रिकामी दिसली तर लगेच पाणी सोडायचं म्हणून. आबा थांबले. म्हणाले, "ह्ये न्हाई बराबर. काहील करपायला लागली तर आमी रस न्हाई वततो. आदी जाळ वढतो."

परीक्षा मुंबईला होती. रात्रीच्या एसटीनं गेलो. पिशवीत चटणी-भाकरी, दाखला आणि ती वही. समोर तीन अधिकारी होते. पहिल्यानं कायदा विचारला. सर्टिफिकेटची मुदत किती? जास्तीत जास्त बारा महिने. अपघात झाला तर किती वेळात कळवायचं? चोवीस तासांत. पावणेतेवीस लीटरही त्यानं विचारलं, माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्यानं दाबाचा हिशोब घातला. तिसरे वयस्कर होते, तोवर खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी विचारलं, "काचेत पाणी दिसत नाही. काय कराल?"

मी म्हणालो, "आधी जाळ ओढीन, साहेब." मग लक्षात आलं, हा शब्द वहीतला नाही. मी घाईनं 'फ्युएल फीड बंद, ड्राफ्ट बंद' असं सांगितलं. ते म्हणाले, "ते कळलं मला. पण पाणी दिसत नाही म्हणजे नाहीच, हे कशावरून? भरलेली काचही अशीच दिसते." मी चुन्याच्या रेघांचं सांगितलं. ते पुढं झुकले. "चुना? हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

मला तात्यांचं नाव घेता आलं असतं. पण नाव घेतलं तर हे तात्या कोण, त्यांचं सर्टिफिकेट कुठलं, पाळीवर ते काय करत होते, असे प्रश्न निघतील आणि दाखल्याचं सगळं बाहेर येईल असं मला वाटलं. कारखान्याची भीती वाटली की माझ्या पासाची, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मी म्हणालो, "अनुभवानं, साहेब." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि जा म्हणाले.

पास झाल्याचं पत्र गणपतीत आलं. आईनं ते देवापुढं ठेवलं. आबांनी हातात धरून उलटसुलट बघितलं. तात्यांना पेढे घेऊन गेलो. मुंबईतलं सगळं सांगितलं, फक्त तिसऱ्या साहेबाचा तो शेवटचा प्रश्न सांगितला नाही. त्यांनी एक पेढा खाल्ला, बाकीचे नातवाला ठेवले.

त्या हंगामात माझी पहिली रात्रपाळी लागली ती अटेंडंट म्हणून, आणि हाताखाली खलाशी म्हणून तात्या. बारा वाजता ते आले, पटका सोडून परत बांधला, चुन्याची डबी काढली आणि पट्टीवर दोन रेघा ओढल्या. माझ्याकडं बघून म्हणाले, "चला सायेब, पाणी बघा." मी हसलो, पण पुढं झालो नाही. त्यांनीच एकेक कॉक फिरवून दोन्ही काचा ब्लो केल्या. पाणी झटकन वर चढलं, रेघा उलटल्या.

मी टेबलाशी येऊन लॉगबुक उघडलं. वेळ टाकली, दाब टाकला, 'दोन्ही गेज ग्लास ब्लो केल्या' असं लिहिलं आणि खाली माझी सही केली.