पावती मागायला शिकूया



लाचेला आपल्याकडे कोणी लाच म्हणत नाही. इंदुरात तिला ‘चाय-पानी’ म्हणतात, जरा शिकलेला माणूस ‘सुविधा शुल्क’ म्हणतो आणि आपण घरी मराठीत बोलताना ‘चिरीमिरी’ म्हणून मोकळे होतो. नाव गोड ठेवले की गुन्हाही लहान वाटू लागतो. म्हणून या लेखात मी सरळ ‘लाच’ हाच शब्द वापरणार आहे.

निमित्त आपल्या शाळेचेच आहे. सहावीची एक तुकडी मागचे वर्षभर सभागृहाच्या व्हरांड्यात बसली. पावसाची सर आली की मुले बाके ओढून आत घेत आणि तेवढा तास बुडे. नव्या दोन खोल्यांच्या बांधकामाची परवानगी एका कचेरीत अडली होती. कागद सगळे पूर्ण होते. एका मध्यस्थाने फाइल ‘चालण्यासाठी’ किती लागतील तो आकडाही सांगितला. विश्वस्त मंडळाने बैठक घेतली आणि एकमताने नकार दिला.

पालक सभेत एका आईने मला विचारले, “बाई, सगळेच देतात. तुमच्या तत्त्वांसाठी आमच्या मुलांनी पावसात का बसायचे?” हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. नकार मोठ्यांनी दिला आणि त्याची किंमत अकरा वर्षांच्या मुलांनी मोजली, हे खरेच आहे. म्हणून त्याचे उत्तर सर्वांसमोर देणे मी माझे कर्तव्य समजते.

ते पैसे आले असते तुमच्या फीमधून. लाचेची पावती मिळत नाही, म्हणजे हिशेबात ती रक्कम ‘किरकोळ खर्च’ म्हणून दाखवावी लागली असती. त्यासाठी कोणीतरी खोटे व्हाउचर लिहिले असते, कोणीतरी त्यावर सही केली असती आणि मी ते मंजूर केले असते. एकदा खोटे व्हाउचर चालले की दुसऱ्याला अडवणार कोण? ज्या शाळेच्या हिशेबावर विश्वास उरत नाही, तिच्या गुणपत्रिकेवर तरी लोकांनी का ठेवावा?

पण नुसता नकार देऊन घरी बसणे पुरेसे नसते. माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. हा अधिकार नागरिकाचा आहे, म्हणून एका पालकाने स्वतःच्या नावाने अर्ज केला. साध्या कागदावर, १० रुपये शुल्क भरून त्यांनी विचारले की ही फाइल कोणत्या तारखेपासून कोणत्या टेबलावर आहे आणि तिच्यावर काय कारवाई झाली. उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक असते. न मिळाल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते. उत्तर आले. पाच महिने फाइल एकाच टेबलावर होती. त्यानंतर ती हलली, परवानगी मिळाली आणि आता बांधकाम सुरू आहे. एक पैसाही द्यावा लागला नाही. मात्र वर्ष गेले, हे मी लपवत नाही.

हा कायदा आपल्याला कोणी बसल्या जागी दिलेला नाही. राजस्थानात दुष्काळी कामांवर राबणाऱ्या मजुरांना ठरलेली मजुरी मिळत नसे आणि हजेरीपटावर मात्र भलतीच नावे असत. १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगावी जनसुनवाई घेऊन ते कागद लोकांसमोर वाचून दाखवले. १९९६ मध्ये ब्यावर येथे या मंडळींनी ४० दिवस धरणे धरले. त्यांतल्या कित्येकांना लिहिता-वाचता येत नव्हते. आपण तर शिकलेले आहोत.

आपल्या मध्यप्रदेशाने २०१० साली लोकसेवा गॅरंटीचा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. कायद्याखाली अधिसूचित केलेल्या सेवा ठरलेल्या दिवसांत मिळाल्याच पाहिजेत. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दर दिवशी २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण त्यासाठी अर्ज दिल्याची पावती हातात हवी. कचेरीच्या हिंदीत जिला ‘अभिस्वीकृति’ म्हणतात, ती हीच आपली पोचपावती. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे या शब्दांची मला भीती वाटत नाही. पण असल्या जड शब्दांना बिचकून दलाल गाठणारे पालक मी दरवर्षी पाहते.

दहावीच्या मुलांसाठी एक गंमत. लाच मागितल्याची तक्रार आली की लोकायुक्त पोलीस नोटांना फिनॉल्फ्थेलीनची पूड लावतात. नोटा घेणाऱ्याचे हात मग सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवले की द्रावण गुलाबी होते. आम्लारी आणि दर्शकाचा हाच प्रयोग तुम्ही प्रयोगशाळेत करता!

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवल्यास संरक्षण मिळते.

यात धोका नाही असे मी म्हणणार नाही. जमिनींचे गैरव्यवहार उघड करणारे पुण्याजवळच्या तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. म्हणून मुलांनो, कोणाशीही एकट्याने भांडायला जाऊ नका. घरच्यांना सांगा, सगळे लेखी ठेवा, चार जण मिळून जा. चार जणांच्या सहीचा अर्ज दाबणे कठीण असते.

शेवटी तीन विनंत्या. विश्वस्त मंडळाने या बांधकामाचा जमाखर्च दर महिन्याला सूचनाफलकावर लावावा. पालकांनी दिवाळीला किंवा परीक्षेच्या आधी शिक्षकांना पाकीट अथवा भेटवस्तू देऊ नये. आलेली वस्तू शाळा परत पाठवील. आणि विद्यार्थ्यांनी शाळेत भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागावी, अगदी सहलीच्या वर्गणीचीसुद्धा. पावती मागितली म्हणून कोणी रागावले तर थेट माझ्याकडे यावे.

पुढच्या पालक सभेनंतर माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा हे आपण एकत्र बसून शिकणार आहोत. येताना कोरा कागद, पेन आणि आपले अडलेले एखादे काम घेऊन यावे.

आपली,
प्राचार्या