आजीच्या आईचं माहेर

नाशिकला रामकुंडावर तीर्थोपाध्याय आधी गाव विचारतात, मग आडनाव. तेवढ्यावर कपड्यातलं लांबट बाड सुटतं आणि मोडीच्या ओळी बोलू लागतात. आमच्या पानावर गुरुजींचं बोट सरकत गेलं: आजोबा, त्यांचे भाऊ, पणजोबा, त्यांचे वडील. पणजोबांच्या सहीवर शाईचा एक थेंब सांडलेला होता. ज्यांचा साधा फोटोही घरात नाही, त्यांच्या हाताचं वळण समोर पाहून माझ्या अंगावर काटा आला.

मग मी आईच्या आईच्या आईबद्दल विचारलं. "तिचं माहेरचं गाव सांगा, ताई. आणि आडनाव." आमच्या घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

बापाकडची वाट एका आडनावावरून सरळ मागे जाते. आईकडून मागे जायचं तर दर पिढीला आडनाव बदलतं, गाव बदलतं. त्यात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नवं नाव. माहेरच्या नोंदीत बाई एक, सासरच्या नोंदीत दुसरीच; ह्या दोघी एकच, हे सांगणारी ओळ बहुतेक ठिकाणी लिहिलेलीच नसते.

आईकडचं रक्त आपण मोजत नव्हतो असं नाही. सोयरीक जुळवताना मामेकुळ विचारलं जातं. सपिंड, म्हणजे जवळच्या रक्तातलं लग्न, टाळायला शास्त्रानं बापाकडून सात आणि आईकडून पाच पिढ्या धरल्या. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानं त्या पाच आणि तीन केल्या. श्राद्धातही मातामह येतात, पण ते आईचे वडील, आजोबा, पणजोबा. त्यांच्या बायका 'सपत्नीक' ह्या एका शब्दात मावतात. आईच्या आईची आई ह्या हिशेबात कुठेच उभी राहत नाही. शरीर मात्र तिला विसरत नाही. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए आपल्याला आईकडूनच मिळतो, तिला तिच्या आईकडून. नाव पुसलं गेलेल्या त्या बाईचं देणं माझ्या पेशीपेशीत आहे, ह्या विचारानं मला फार धीर येतो.

ह्याच नाशिकात, पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात कोरलेला. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी. ह्या राजघराण्यात गादी बापाच्याच वंशात राहायची, तरी राजे आईच्या नावानं ओळखले जात. दगडात ते नाव जवळजवळ दोन हजार वर्षं टिकलं, आणि आमच्याकडे शंभर वर्षांपूर्वीच्या बाईचं माहेर सापडत नाही. हे मला सहन होत नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, महाराष्ट्राच्या सरकारी कागदांवर, आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. पुढच्यांची सोय झाली. मागच्या बायकांची नावं मात्र कागदावर नाहीत, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईजवळ ह्याच आठवड्यात बसा. तिचं लग्नाआधीचं नाव, माहेरचं आडनाव, गाव विचारा. मग तिच्या आईचं, आठवत असेल तर आजीचंही. तीर्थावर नव्या नोंदी अजूनही लिहून घेतात. पुढच्या वेळी सही कराल तेव्हा तिथं हेही लिहायला सांगा.