गरुड आणि गरुडाचं पिल्लू

गेल्या वर्षी न्यू जर्सीला राहणारी माझी भाची 'ईगल स्काऊट' झाली. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला आणि मग सोलापूरहून आईचा प्रश्न आला : "स्काऊट म्हणजे मुलगे ना? मुलींचं ते गाईड. मग ही स्काऊट कशी?"

प्रश्न बिनचूक होता. इथे ड्रेस्डेनमध्ये बसून आईला समजावायला घेतलं, तेव्हा लक्षात आलं की उत्तर एका मेसेजमध्ये मावणारं नाही. स्मरणिकेसाठी लेख हवाच होता, म्हणून सगळं इथे लिहिते आहे.

ईगल हे अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्सचं सर्वोच्च पद. पहिला ईगल स्काऊट १९१२ साली झाला. चंद्रावर पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँग ईगल होता, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्डही. वयाची अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत किमान २१ मेरिट बॅज मिळवायचे. प्रथमोपचार, कॅम्पिंग, नागरिकत्व, पैशांचं नियोजन वगैरे काही त्यात सक्तीचे. (२०१४ पासून स्वयंपाकही सक्तीचा झाला. मला सगळ्यात आवडलेली अट हीच!) शिवाय समाजासाठी एक प्रकल्प स्वतः आखून, माणसं जमवून पूर्ण करायचा. भाचीने गावच्या वाचनालयामागे भाजीचे वाफे केले. लाकूड कापण्यापेक्षा दहा मुलांना शनिवारी सकाळी आठ वाजता उठवून आणणं जास्त अवघड गेलं, असं ती म्हणाली.

हे पद शंभराहून अधिक वर्षं फक्त मुलग्यांसाठी होतं. कित्येक मुली भावांबरोबर कॅम्पला जात, तंबू ठोकत, डोंगर चढत, पण बॅज भावाला मिळे. न्यूयॉर्कच्या सिडनी आयर्लंड या मुलीने याविरुद्ध अनेक वर्षं मोहीम चालवली. ऑक्टोबर २०१७ मध्ये संस्थेने मुलींना घेण्याचा निर्णय जाहीर केला, १ फेब्रुवारी २०१९ पासून मुलींची पथकं सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये जवळजवळ एक हजार मुलींची पहिली तुकडी ईगल म्हणून जाहीर झाली. २०२५ मध्ये तर संस्थेच्या नावातून 'बॉय' हा शब्दच गेला. आता ती 'स्काऊटिंग अमेरिका' आहे.

तुम्ही म्हणाल, मुलींना गर्ल स्काऊट्स होतीच की! होती, १९१२ पासून. त्यांचं सर्वोच्च पदक 'गोल्ड अवॉर्ड', आणि तेही काही फुकट मिळत नाही. पण 'ईगल' म्हटलं की अमेरिकेत कॉलेजवाल्यांपासून नोकरी देणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या भुवया उंचावतात. गोल्ड अवॉर्ड म्हणजे काय, हे मात्र बहुतेकांना समजावून सांगावं लागतं. एक गंमत सांगते. साधारण शंभर वर्षांपूर्वी गर्ल स्काऊट्सच्या सर्वोच्च पदकाचं नाव होतं 'गोल्डन ईगलेट'. ईगलेट म्हणजे गरुडाचं पिल्लू. मुलग्यांना गरुड आणि मुलींना पिल्लू! सोन्याचं का होईना, पण पिल्लूच.

गर्ल स्काऊट्सना हा बदल रुचला नाही. २०१८ मध्ये त्या नावावरून कोर्टात गेल्या. २०२२ मध्ये तो दावा निकालात निघाला, पण त्यांचा एक मुद्दा मला सोडून देता येत नाही. मुलगे नसले की मुली पुढे होतात, असं त्या म्हणतात. ते खोटं नाही. मी मुलींच्या शाळेत शिकलेली आहे, मला माहीत आहे.

आईला मात्र मी लिहिलं, "अगं, आपल्याकडे हा प्रश्न नव्हताच." भारत स्काऊट्स अँड गाईड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० ला स्थापन झाली आणि १९५१ च्या स्वातंत्र्यदिनी गाईड्सही तिच्यात आल्या. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. मुलगा झाला राष्ट्रपती स्काऊट, मुलगी राष्ट्रपती गाईड, आणि प्रमाणपत्रावर सही त्याच राष्ट्रपतींची. कागदावर कुठेच उणं नव्हतं.

मी स्वतः गाईड होते. १९९२-९३ साल. निळा गणवेश, गळ्यात स्कार्फ, खांद्याला शिट्टी. 'खरी कमाई'च्या दिवसांत कार्ड घेऊन घरोघर जायचं. एका काकूंनी पितळेची सगळी भांडी घासून घेतली आणि आठ आणे हातावर ठेवले! रीफ नॉट, शीट बेंड, बोलाइन या गाठी मी खाटेच्या पायाला दोरी बांधून शिकले. राज्य पुरस्कारापर्यंत आम्ही तिघी मैत्रिणी पोचलो. पुढची राष्ट्रपती पुरस्काराची चाचणी परगावी होती. रात्रीच्या गाडीने जायचं आणि काही दिवस शिबिरात राहायचं. शेजारच्या मुलग्यांच्या शाळेतले चौघं गेले. आमच्यापैकी कोणीच गेलं नाही.

माझे वडील काही कडक नव्हते. "बाई बरोबर येणार असतील तर जा," एवढंच म्हणाले. आमच्या गाईड कॅप्टनबाई तेव्हा पंचविशीतल्या, कडेवर वर्षाचं मूल. त्यांना घरून परवानगी मिळाली नाही. म्हणजे आम्ही बाईंमुळे अडलो, बाई सासरी अडल्या आणि नियमाच्या पुस्तकात सगळं उघडंच राहिलं. बाई वर्गात आल्या आणि काही न बोलता फळ्यावर गणितं लिहायला लागल्या, ते मला अजून दिसतं. त्यांनाही जायचं होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आता ड्रेस्डेनचं ऐका. आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात, जन्म इथलाच. त्यांच्या लहानपणी, पूर्व जर्मनीच्या काळात, इथे स्काऊटिंगला परवानगीच नव्हती. मुलांसाठी एकच संघटना, पायोनियर, आणि ती सरकारी. एल्बच्या काठावरच्या टेकडीवरचा श्लोस आल्ब्रेख्ट्सबर्ग १९५१ पासून 'पायोनियर पॅलेस' होता. ग्रोसर गार्टन बागेत आपली मुलं ज्या छोट्या आगगाडीत बसायचा हट्ट करतात, तीही तेव्हा पायोनियरांची. आजी त्या गाडीवर तिकीटं तपासायच्या. मुलगे-मुली एकत्र, त्यात कोणाला काही वाटत नसे. गळ्यात निळा स्कार्फ आणि घोषणा 'सज्ज व्हा', 'सदैव सज्ज'. स्काऊटांवर बंदी, पण त्यांचं ब्रीद मात्र उचललेलं!

इथे स्काऊटिंग परत आलं ते भिंत पडल्यानंतर. पश्चिमेत तोवर बरंच बदललं होतं. कॅथलिक मुलग्यांच्या संघटनेने १९७१ मध्ये मुलींना घेतलं होतं, प्रोटेस्टंट मुलग्यांच्या आणि मुलींच्या संघटना १९७३ मध्ये एक झाल्या होत्या. माझी तेरा वर्षांची लेक जाते तो गट मिश्रच आहे. ईगलची बातमी आली तेव्हा मी तिच्या गटप्रमुख मुलीला विचारलं, "तुमच्यात सर्वोच्च पद कोणतं?" ती एकोणीस वर्षांची. बराच विचार करून म्हणाली, "पद असं नाही. मोठं झालं की लहानांना सांभाळायचं, बस." बारा-तेरा वर्षांचे मुलगे तिच्या एका हाकेसरशी लाकडं गोळा करायला पळतात. माझ्यातल्या सोलापूरच्या गाईडला मात्र बॅज नाही म्हणजे चुकल्यासारखं वाटलं. शिडी नसेल तर चढायचं कशावर?

मेमध्ये त्यांचा कॅम्प होता, सॅक्सन स्वित्झर्लंडच्या डोंगरांजवळ. तीन रात्री 'कोटे'त झोपायचं. कोटे म्हणजे जर्मन स्काऊटांचा काळा तंबू, आत मधोमध शेकोटी पेटवतात आणि धूर वरच्या भोकातून जातो. परवानगीचा कागद आठवडाभर फ्रिजवर लटकत होता. नवरा म्हणाला, "आग तंबूच्या आत?" ओळखीतल्या दोन-तीन मराठी घरांतून विचारणा झाली, "मुलं-मुली एकत्र? रात्री?" प्रश्न वाईट हेतूचे नव्हते आणि मलाही ते पडले होते. मी गटप्रमुखाला फोन करून सगळं विचारलं : झोपायची सोय कशी, रात्री जागं कोण असतं, मुलीला घरी यावंसं वाटलं तर काय. तिने न कंटाळता एकेक सांगितलं. मग सही केली. लेक परत आली ती केसांना धुराचा वास आणि एक मोजा कमी घेऊन.

तिला आणायला गेले तेव्हा त्या गटप्रमुख मुलीने मलाच प्रश्न टाकला : "तुम्ही महाराष्ट्रातल्या ना? मग संगम पाहिलंच असेल!" मी आपली भीमा, कृष्णा आठवायला लागले. तर पुण्यातलं 'संगम'. जगभरच्या गाईड्सचं केंद्र, १९६६ पासून आळंदी रस्त्यावर उभं आहे, देशोदेशीच्या मुली तिथे येऊन राहतात आणि काम करतात. आमच्या ओळखीच्या किती पुणेकरांना ते माहीत असेल, देव जाणे. या मुलीला तिथे काही महिने राहायचं आहे आणि त्यासाठी ती बेकरीत काम करून पैसे साठवते आहे. मिश्र गटात वाढलेली ही मुलगी म्हणते, एकदा फक्त मुलींच्या जागी राहून बघायचंय.

सध्या ती दर गुरुवारी आमच्याकडे मराठीचे चार शब्द शिकायला येते. 'नमस्कार', 'पाणी', 'किती झाले?' इथवर प्रगती आहे. 'ळ'वर मात्र गाडी अडली आहे. आळंदी अजून 'आलंदी'च आहे, आणि रिक्षावाला तिला कुठे नेऊन सोडेल याची माझ्या लेकीला फार काळजी आहे.