स्प्रिंग बदलू की बंदूक?

शीर्षक वाचून रेक्टर सर दचकले असतील, म्हणून आधीच सांगून टाकतो. बंदूक होस्टेलमध्ये नाही. ती देवणीला आमच्या घरी, धान्याच्या कोठीमागे पोत्यात गुंडाळून ठेवलेली आहे आणि छर्ऱ्याची आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंच म्हणजे साडेचार मि.मी. बोअर आणि २० जूलच्या आतली ताकद असेल तर अशा बंदुकीला परवाना लागत नाही. आमची तर २० जूल सोडाच, चारलासुद्धा पोचत नव्हती. ते कसं कळलं, ते पुढे येईलच. तेव्हा सर, रूम चेक केलीत तर फक्त मॅगीची पाकिटं सापडतील!

तर झालं असं. शिष्यवृत्तीचे आठ हजार रुपये खात्यावर जमा झाले आणि त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या रायफल शूटिंग निवड चाचणीची नोटीस जिमखान्याच्या बोर्डावर लागली. आठ हजार खरं तर मेसचे होते. अण्णांना फोनवर "मेस भरली" असं सांगूनही टाकलं होतं. (अण्णा हे मासिक वाचत नाहीत, हीच काय ती आशा.) पण डोक्यात एकच किडा. आबांच्या बंदुकीत पैसे घालून तिला चाचणीच्या लायक करता येईल का? स्प्रिंग, दुर्बीण, नवीन दस्ता... यादी तयार झाली.

रूम पार्टनर पुण्याचा. त्याच्याकडे पेंटबॉलची जुनी बंदूक आहे, तिला तो लोक 'मार्कर' म्हणतात असं मला दर दोन दिवसांनी दुरुस्त करून सांगतो. त्याने एकदा लांब नळी बसवली, मग चांगला रेग्युलेटर बसवला, आणि मैदानावर गेल्यावर कळलं की तिथे सेकंदाला ३०० फुटांच्या वर वेग असेल तर खेळूच देत नाहीत. पैसे घालून वाढवलेला वेग स्क्रू फिरवून परत कमी करावा लागला. हे ऐकून मी शहाणा व्हायला हवं होतं. झालो नाही.

आबांची बंदूक म्हणजे नळी मोडून भरायची, स्प्रिंगवाली. आबांनी ती तरुणपणी घेतली ती हायब्रीड ज्वारी राखायला. आमच्याकडे ज्वारी हुरड्यात आली की पोपटांच्या टोळ्या उतरतात. आबा माळ्यावर बसायचे, एका हाताला गोफण, दुसऱ्या हाताला ही. पोपट मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पण आबांना कायदा माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांना पाखरू मारणंच नको होतं. म्हणून ते छर्रा न भरताच बंदूक उडवायचे. फट्ट आवाज झाला की टोळी शेजाऱ्याच्या शेतात. शेजारी काय म्हणायचा ते सोडून द्या.

आता यंत्र शाखेच्या मुलांनी इथे कान टवकारावेत. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा असतो तेव्हा त्याच्यामागे हवा कोंडते आणि तीच पिस्टनला उशी देते. छर्रा नसेल तर हवा सुसाट निघून जाते आणि पिस्टन नळकांड्याच्या टोकावर जाऊन आदळतो. एकदा नाही, दोनदा नाही, पंचवीस-तीस हंगाम. मी बंदूक खोलली तेव्हा पिस्टनचं चामडी वायसर पापडासारखं झालं होतं आणि स्प्रिंग मधे वाकली होती. आबांनी पाखरं वाचवली, बंदूक झिजवली. मला हे खोलेपर्यंत माहीत नव्हतं.

सुट्टीत घरी गेलो. पहिलं काम म्हणजे मोजमाप. वेग मोजायचं यंत्र विकत घेणं परवडणारं नव्हतं, मग पहिल्या वर्षाची फिजिक्स आठवली. २०० ग्रॅमचा लाकडी ठोकळा कॉलेजच्या सुतारकाम विभागातून आणला होता. त्याला समोरून खोल खड्डा पाडून त्यात ओली काळी माती भरली, तेवढं लाकूड मागून तासून वजन पुन्हा २०० वर आणलं. एक मीटर दोरीने गोठ्याच्या आढ्याला टांगला, मागे कडब्याच्या पेंढ्या रचल्या. गोठ्यातली गाय देवणीच, पांढऱ्यावर काळे ठिपके. तिला बाहेर बांधली, उगाच साक्षीदार नको. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. मारला की मातीत रुततो आणि ठोकळा मागे सरकतो. किती सरकला ते मोजायचं, संवेग अक्षय्यतेचा नियम लावायचा, झालं. ठोकळा साडेनऊ सें.मी. सरकला. म्हणजे वेग सेकंदाला साधारण १२० मीटर, ऊर्जा ३.६ जूल. दहा मीटरवरून पाच छर्ऱ्यांचा ग्रुप, म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर, ६२ मि.मी. आता चाचणीचं टार्गेट केवढं असतं? सगळ्यात बाहेरचं वर्तुळ साडेपंचेचाळीस मि.मी. आणि दहाचा ठिपका अर्धा मि.मी.! म्हणजे आमचे छर्रे टार्गेटच्या बाहेरसुद्धा फिरून येत होते.

आबा ओट्यावर बसून बघत होते. "काय करलालास रे?"

"आबा, ताकद मोजतोय."

"मोजून वाढती का?"

यावर मी काय बोलणार.

वायसरचा शोध उदगीरपर्यंत जाईल असं वाटलं होतं. तो देवणीतल्याच सायकल दुकानात संपला. हवा भरायच्या पंपात जे वाटीसारखं चामड्याचं वायसर असतं ना, तेच. थोडं मोठं होतं, ब्लेडने कापून काठ पॉलिश पेपरने घासला, रात्रभर तेलात भिजवला. किंमत १५ रुपये. तेल जरा जास्त झालं होतं. पहिल्या बाराला असा काही धमाका झाला आणि नळीतून धूर निघाला की आई स्वयंपाकघरातून धावत आली. हवा एकदम दाबली की तापते आणि तेल पेटतं, हेच तर डिझेल इंजिन! थर्मोच्या सरांनी हे फळ्यावर शिकवलं तेव्हा मी झोपलो होतो, त्या दिवशी मात्र नीट समजलं. (असं मुद्दाम करू नका. नळी, डोळे, आई... तिघांनाही धोका.)

तेल जळून गेल्यावर पुन्हा ठोकळा टांगला. १२ सें.मी.! वेग १५०, ऊर्जा साडेपाच जूलच्या वर, ग्रुप ३४ मि.मी. पंधरा रुपयांत!

इथे थांबलो असतो तर हा लेख लिहिला नसता. पंधरा रुपयांत एवढं, तर अजून पैसे घातले तर किती, असा साधा त्रैराशिकाचा हिशोब डोक्यात आला आणि तिथेच घात झाला. शहरातल्या एका दुकानातून 'मॅग्नम' स्प्रिंग आणली, ९०० रुपये. दुकानदार म्हणाला, "ताकद दुप्पट." सोबत दुर्बीण, २,४००. चाचणीत दुर्बीण चालत नाही हे मला नियम वाचल्यावर कळलं. नियम मी खरेदीनंतर वाचले, आपली इंजिनिअरिंगची थोर परंपरा!

मॅग्नम स्प्रिंग बसवायला मी आणि धाकटा भाऊ, दोघं लागलो. बंदूक मोडून भरताना हात थरथरायचा. ठोकळा सरकला १२.८ सें.मी. वेग १५० चा १६० झाला. दुप्पट कुठे, दहा मीटरची वाढ! कारण नळकांडं तेवढंच, हवा तेवढीच, हवा जायचं भोकही तेवढंच. जास्तीचा जोर छर्ऱ्याला न मिळता पिस्टनच्या आदळण्यात गेला. आणि ग्रुप? ३४ चा ४३ झाला. पैसे घालून बंदूक बिघडवली होती.

हे का होतं ते कागदावर मांडून बघितलं तेव्हा पूर्ण प्रकरण उलगडलं. घोडा ओढला की पिस्टन पुढे धावतो, म्हणून बंदूक मागे जाते. मग पिस्टन टोकाला थांबतो, तेव्हा बंदूक पुढे जाते. हा सगळा झटापटीचा कारभार चालू असताना छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे तुम्ही नेम धरला होता एका जागी, आणि छर्रा बाहेर पडताना नळी दुसरीकडेच बघत असते. स्प्रिंग जितकी तगडी तितका झटका मोठा. या झटक्यावर उपाय म्हणून जर्मनीच्या फाइनवेर्कबाउ कंपनीने १९६० च्या दशकात अशी स्प्रिंग रायफल काढली की झटक्याच्या वेळी तिचा वरचा भाग दस्त्यातल्या रुळावर मागे सरकतो आणि खांद्याला काही कळतच नाही. आता तर मॅच रायफलमध्ये स्प्रिंगच नसते, २०० बार दाबाची हवा आधीच सिलिंडरमध्ये भरलेली असते. आणि ऊर्जा? साडेसात जूलच्या आसपास! २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्णपदक घेतलं, २०२२ साली कैरोला आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील जगज्जेता झाला, दोघांचाही प्रकार १० मीटर एअर रायफल. जगातली सगळ्यात अचूक बंदूक आबांच्या बंदुकीपेक्षा जेमतेम दोन जूलने पुढे, आणि मी ताकदीच्या मागे लागून ९०० रुपये घालवले.

साठ-सत्तर छर्रे झाले असतील. एका संध्याकाळी दस्ता पुढच्या स्क्रूपाशी कडकन चिरला. दुर्बिणीतली फुलीची तार त्याच्या आदल्या दिवशीच तिरकी झाली होती. साध्या दुर्बिणी मागचा धक्का सोसतात, पुढचा नाही. आणि स्प्रिंगची बंदूक दोन्ही देते.

आबांनी चीर बोटाने चाचपून बघितली. मला वाटलं आता शिव्या बसतील. ते म्हणाले, "खिलार पळायला, देवणी ओढायला. देवणीला शर्यतीत पळवलास तर पाय जाणार का नाही?" आणि उठून सुताराकडे घेऊन गेले. सुतारकाकांनी फेव्हिकॉल भरून वरून पितळी पट्टी मारली, २०० रुपये. पट्टी अजून आहे, बरी दिसते.

त्यानंतर मॅग्नम काढून टाकली आणि मूळ मापाचीच नवीन स्प्रिंग टाकली, ३५० रुपये. ग्रुप ३० वर आला. मग छर्ऱ्यांकडे वळलो. स्वस्तातल्या डबीतले छर्रे केमिस्ट्रीच्या लॅबमधल्या डिजिटल काट्यावर तोलले (लॅब असिस्टंट मामांचे आभार!), तर कुठला ०.४६ ग्रॅम, कुठला ०.५३. निम्म्यांची मागची कड दबलेली. चांगल्या छर्ऱ्यांच्या दोन डब्या घेतल्या, १,३०० रुपये गेले, जीव तुटला. पण ग्रुप आला २१ वर. खोटं वाटेल, पण बंदुकीला हात न लावता तिच्यात झालेली ही सुधारणा होती.

म्हणून जुन्या छर्ऱ्याच्या बंदुकीवर पैसे घालावेत का, असं आता होस्टेलमध्ये कुणी विचारलं (दोघांनी विचारलंय, एकाची बंदूक निलंग्याला आहे, एकाची मुखेडला) तर मी असं सांगतो. झिजलंय ते मूळ मापाचं बदल. वायसर, स्प्रिंग, ढिले स्क्रू. मग छर्ऱ्यांवर खर्च कर. तिथून पुढे एक रुपयाही घालू नकोस. कारण २१ चा ग्रुप १० वर आणायचा तर बंदुकीची जातच बदलावी लागते, आणि परदेशी मॅच रायफल दोन लाखांच्या पुढे आहे. आपल्याकडे स्पर्धांमध्ये 'ओपन साइट' असा वेगळा गट असतो, साध्या माशी-खाचेच्या नेमाचा. तिथे देशी बंदुकीने सुरुवात करता येते. मात्र विद्यापीठाची चाचणी त्या गटाची नव्हती.

म्हणून उरलेल्यातले २,५०० रेंजवर गेले. आठवड्याला दोनदा, क्लबची रायफल भाड्याने. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा घोडा ओढल्यावर काही झालंच नाही असं वाटलं. ना धक्का, ना आवाज, फक्त 'टप्प'. कागदावर बघतो तर आठ! मला चार दिवस वाईट वाटत होतं, आबांच्या बंदुकीशी गद्दारी केल्यासारखं. पण कोचनी एक गोष्ट सांगितली, "तुझा श्वास आणि घोड्यावरचं बोट स्थिर आहे, स्प्रिंगवर शिकलायस का?" स्प्रिंगच्या बंदुकीला छर्रा सुटल्यावरसुद्धा क्षणभर धरून ठेवावं लागतं, नाहीतर ती माफ करत नाही. ती सवय फुकट मिळाली होती.

चाचणीत ६०० पैकी ५२१ झाले. निवड झाली नाही, शेवटचा निवडलेला मुलगा ५५० च्या पुढे होता. मेसचं थकलेलं बिल डिप्लोमाच्या दोन पोरांना मेकॅनिक्स शिकवून फेडलं. हिशोबच मांडायचा तर आठ हजारांतले साडेतीन हजार स्प्रिंग, दुर्बीण आणि पट्टीच्या पाण्यात गेले. दुर्बीण विकायची आहे, तार तिरकी आहे, इच्छुकांनी रूमवर भेटावे.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आबांनी स्वतःहून बंदूक मागितली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी ती हातात धरली नव्हती. बांधावरच्या चिंचेला, मागे मातीचा उंच बांध येईल अशा बेताने, एक आकडा दोऱ्याने टांगला. पट्टीवर गाल टेकवून आबांनी बराच वेळ घेतला. पहिला बांधात गेला. दुसऱ्याला आकडा गर्रकन फिरला.

तिसरा छर्रा त्यांनी हातात घेऊन बघितला आणि खिशात टाकला. म्हणाले, "महाग हाय म्हणलास ना. ऱ्हाऊ दे उद्याला."