पत्र्याला जागा ठेवा

आमचे शेत जुन्नर तालुक्यात, कालव्याखालचे. उसाचे रान म्हटले की बिबट्याची भीती आलीच. त्यातून २०२३ च्या जानेवारीत आमच्या मोटारीला एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी वीज मिळे. रात्रीची पाळी आली की पंचाहत्तरीचे आमचे आबा घोंगडी खांद्यावर टाकून दारं धरायला निघत. मी जातो म्हटले, तर म्हणत, "तुला सांगितलेलं ऐकू येत नाही. वाफा फोडून येशील." मग बांधावर उघड्यावरच पडत. इकडे आईच्या डोळ्याला डोळा लागत नसे.

एके दिवशी मुलाने मोबाईलवर अमेरिकेतल्या गाड्यांची चित्रे दाखवली. आकार पाण्याच्या थेंबासारखा, मोटारीमागे ओढायची, आत दोन माणसे निजतील एवढीच जागा. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून तिकडे लोक ती घरी बांधत आले आहेत. लाकडी सांगाडा, त्यावर प्लायवूड आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. मनात आले, ते सहलीला जातात, आपण रानात निजायला का करू नये? जुन्या ट्रॉलीचा आस आणि चाके पडून होतीच.

सांगाडा चांगला उतरला. पत्र्याला मात्र मी घाई केली. थंडीच्या सकाळी ८ फुटी पत्रा लावला आणि चार-चार बोटांवर लोखंडी चुका ठोकून घट्ट बसवला. आबा म्हणाले, "लेका, एवढा जखडू नकोस." मी ऐकले नाही. दुपारी ऊन चढले तसा पत्रा टणटण वाजू लागला आणि मधोमध फुगून आला. आबा काही बोलले नाहीत. रात्री घोंगडी घेऊन पुन्हा बांधावर गेले. ते मला फार लागले.

सकाळी त्यांनी एवढेच विचारले, "गाडीच्या चाकाला धाव कशी चढवतात रे?"

लहानपणी लोहाराच्या भट्टीला मीच गोवऱ्या नेऊन दिल्या होत्या. धाव चाकाहून किंचित लहान असते. तापवली की वाढते, चाकावर बसते, पाणी ओतले की आवळते. हे पाहूनही मी विसरलो. ॲल्युमिनियम तर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट वाढते. पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत ८ फुटी पत्रा सुमारे २ मिलिमीटर लांबतो. त्याला सरकायला जागा नसेल तर तो फुगणारच.

सगळ्या चुका उपटल्या, नवा पत्रा आणला. या वेळी भोके स्क्रूपेक्षा थोडी मोठी पाडली. रबरी वायसर घालून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बेताने आवळले. साध्या लोखंडाशी पावसाचे पाणी साचले की ॲल्युमिनियम भोकाभोवती खात जाते, म्हणून चुका नकोतच. कौले शाकारतो तसा खालचा पत्रा आधी लावला आणि वरचा त्यावर चढवला. सांध्यात वाळून कडक न होणारे, रबरासारखे लवचिक राहणारे सील भरले, कडांना ॲल्युमिनियमची कोनपट्टी लावली. छपराच्या वळणावर एका टोकापासून सुरुवात करून दोघांनी तळहातांनी दाबत पुढे नेले. दोन्ही टोके आधी पक्की केली तर मध्ये पोकळी राहते. समोरासमोर दोन जाळीचे झरोके ठेवले. नाहीतर थंडीत माणसाच्या श्वासाची वाफ पत्र्याला धरते आणि पहाटे अंथरुणावर ठिबकते. दाराला आतून भक्कम कडी बसवली.

त्या जूनच्या पहिल्या पावसात मी बॅटरी घेऊन आत पाहिले. एक टिपूस नव्हता. आबांनी छपरावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता ऐकायला लागलास. दारं तू धर, मी निजतो."

तेव्हापासून रात्रीची पाळी माझी. आबा कडी लावून आत निजतात, मधूनच "पाणी कुठवर आलं रे?" म्हणून हाक देतात. आणि घरी आईला झोप लागते.