मंगळसूत्र राहिलं, मशीन गेलं

दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 सालची. तिच्या कलम 60 मध्ये, कर्ज कितीही थकलं तरी कोर्टाला जप्त करता येत नाहीत अशा वस्तूंची यादी आहे. पहिल्याच नोंदीत अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्मरूढीप्रमाणे बाईला उतरवता येत नाहीत ते दागिने. लगेच पुढच्या नोंदीत कारागिराची हत्यारं. आमच्याकडे जप्तीला आलेल्या बेलिफाला पहिली नोंद तोंडपाठ होती. दुसरीवर त्याची नजर कधी गेलीच नसेल, हे मला इतक्या वर्षांनंतरही पटत नाही.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, सोलापूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी शिलाईचं दुकान होतं. 1993 साली एका शाळेच्या गणवेशांचं काम घेतलं, कापड उधारीवर उचललं, शाळेने पैसे थकवले. व्यापाऱ्याने दावा लावला, हुकूमनामा झाला, दरखास्त आली. असं अनेकांचं होतं, त्यात विशेष काही नाही.

जप्ती दिवाळीच्या तोंडावर आली. दुकान पुढे, घर मागे. बेलिफ, व्यापाऱ्याचा माणूस, दोन पंच आणि दारात उभा टेम्पो. आई घाबरून आतून आली, तिने हातातल्या पाटल्या काढून कापायच्या टेबलावर ठेवल्या आणि गळ्याशी हात नेला. बेलिफ घाईने म्हणाला, "वहिनी, ते गळ्यातलं राहू द्या. त्याला कायद्याने हात लावता येत नाही आम्हाला." आवाजात खरी अदब होती. आईला रडू फुटलं, ती म्हणाली, "बेलिफसाहेब, देव तुमचं भलं करो." पाटल्या मात्र पंचनाम्यात लिहिल्या गेल्या. मग त्याच माणसाने, त्याच अदबीने, अण्णांच्या पायमशीनकडे बोट दाखवलं. अण्णा त्यावर बसलेले होते. त्यांना उठावं लागलं. सुईखाली कुणाची तरी अर्धी शिवलेली विजार होती. ती दोरा तोडून बाजूला ठेवली आणि मशीन उचललं. मागोमाग ओव्हरलॉक, काजाचं मशीन, इस्त्री, एवढंच काय, मोठी कात्रीसुद्धा. कात्री! तिचे लिलावात किती येणार होते? अण्णा एवढंच म्हणाले, "साहेब, मग फेडू कशाने?" याचं उत्तर कुणी दिलं नाही. पंचांनी खाली सह्या केल्या.

वकिलांनी कलम 47 खाली अर्ज दिला. समोरच्यांनी दोन मुद्दे काढले. एक, दुकानावर पाटी आहे, हाताखाली माणसं आहेत, तेव्हा हा कारागीर नव्हे, व्यावसायिक. दुसरा, उधारीच्या चिठ्ठीवर अण्णांची सही होती की पैसे न दिल्यास मशिनं न्यावीत. दुसरा मुद्दा लगेच निकालात निघाला, कारण 1976 च्या दुरुस्तीने कलम 60 मध्येच स्पष्ट लिहिलंय की ही सवलत सोडून देतो असा करार केला तरी तो रद्दबातल. पहिल्यावर मात्र तारखांमागून तारखा पडल्या. शेवटी अण्णा स्वतः चालवत ते पायमशीन, इस्त्री आणि कात्री परत मिळाली. ओव्हरलॉक आणि काजाचं मशीन गेलंच. तोवर दिवाळी गेली होती, लग्नसराई गेली होती, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं होतं. वकिलांनी नादारीचा अर्ज सुचवला. 1920 च्या नादारी कायद्यातही कलम 60 मधल्या वस्तू धनकोंच्या हाती जात नाहीत. अण्णांनी तो कागद हातात धरला नाही. नादार म्हणवून घेण्यापेक्षा रात्रपाळीने दुसऱ्याच्या दुकानात शिवेन म्हणाले, आणि शिवलं.

सुप्याला 12 मे 1875 ला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं हिसकावून जाळली, त्यानंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला आणि खास गहाण नसलेली जमीन साध्या हुकूमनाम्यात विकता येईना. म्हणजे जगण्याचं साधन कर्जाच्या वर ठेवायचं, हे आपल्या मुलखाला नवं नाही. माझं आग्रहाचं सांगणं आहे की जप्ती आली तर गप्प बसू नका. ही माझी हत्यारं आहेत, यांवरच माझं पोट आहे, असं पंचनाम्यात लिहून घ्यायला लावा, नाही लिहिलं तर दुसऱ्याच दिवशी कोर्टात अर्ज द्या. मात्र मशीनच तारण ठेवून कर्ज काढलं असेल तर हा आधार पुरणार नाही. आणि बेलिफांना ते कलम पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत शिकवा.

हे सगळं मी मनापासून लिहितोय. आता दुकान मी चालवतो. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नाचे कपडे शिवून नेले, घरातल्या सगळ्यांचे, आणि पैसे दिले नाहीत. हुकूमनामा माझ्या बाजूने झाला. पेन्शन त्याच कलम 60 खाली सुरक्षित, भविष्य निर्वाह निधीही. दर महिन्याला त्यांची पेन्शन बँकेत जमा होते आणि मी कारागिरांचा पगार उसने घेऊन भागवतो. एके दिवशी वकिलांसमोर मी ओरडलो, "हा कसला कायदा, बुडवणाऱ्याला पांघरूण घालतो!" आणि तो राग खोटा नव्हता. अण्णांचं मशीन आणि या गृहस्थांची पेन्शन एकाच यादीत असावी हे डोक्याला कळतं, मनाला अजिबात पटत नाही. वकील म्हणाले, पेन्शनचा नाद सोडा, शेतजमीन आहे का ते बघा. गेल्या आठवड्यात तलाठ्याकडून सात-बारा काढून आणला.